रेंजरसाहेबांच्या रानात कोण कुणाला खातं

जंगलखात्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. जांबोटीच्या पावसात पायाला जळवा चिकटतात तसे ते चिकटतात, आणि एक उपटली की रक्त बराच वेळ थांबत नाही. माझे किस्से ऐकून लोक हसतात. हसा बापडे! मी मात्र सांगताना अजून दात खातो.

इंग्रजांचं राज्य होतं. बेळगावजवळच्या जांबोटीच्या पलीकडं, जंगलखात्याच्या एका नाक्यावर आम्ही दोन गार्ड, मी आणि चिकोडीकडचा शिवाप्पा. आमच्यावर रेंजरसाहेब. शिकलेला माणूस, बूट चकचकीत, आणि तोंडात सारखं 'सरकार'. नाक्याखाली दहा-बारा घरांची वाडी. रानाला अगदी लागून घर होतं ते तुळसाक्काचं. म्हातारी, तिचा मुलगा नारू, सून लक्षुमी आणि लहान नातवंडं.

*

आमच्याकडं भाताचं बी टाकायच्या आधी वाफ्यावर पाला पसरून जाळतात. राब म्हणतात त्याला. ती राख खाऊनच रोप जोर धरतं. रानातला पाला भातात, भात माणसात, पेंढा गुरात, हे असंच चालत आलेलं.

साहेबांनी आल्या आल्या हुकूम काढला, रानातलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही. तुळसाक्का नाक्यावर आली.

"सायेब, पाला न्हाय तर राब न्हाय. राब न्हाय तर भात कशावर यायचं?"

"पाला सरकारचा आहे, म्हातारे."

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि रानातला पाला उडून तिच्या दारात पडला. साहेब तिकडून चालले होते. म्हातारीनं त्यांना वाटेत अडवलं, हातात केरसुणी दिली आणि म्हणाली, "तुमचं सरकार माझ्या अंगणात येऊन पडलंय. झाडून घिऊन जावा!"

मी आणि शिवाप्पा झाडामागं जाऊन हसलो. पण त्या साली भात गुडघ्याच्या वर आलं नाही, तेव्हा हसू पार जिरलं.

*

मग आला शिकारीचा कॅम्प. बेळगावहून कोणी मोठा गोरा साहेब यायचा म्हणून आमचे रेंजर आठवडाभर नुसते नाचत होते. आम्ही ढोल बडवत हाका घातला, गोऱ्यानं मचाणावरून वाघ पाडला, त्याच्यावर बूट ठेवून फोटो काढला. आमच्या रानातला तो एवढाच वाघ. मेजवानी झाली. आम्हाला उरलेला रस्सा.

पुढच्या हंगामात रानडुकरांचे कळपच्या कळप उतरले. आधीच ते भात खुरटं, त्यात पोटरीला आलेलं अर्धं शिवार त्यांनी एका झटक्यात लोळवलं. नारू चिखलातून धावत नाक्यावर आला. डोळे लाल.

"सायेब, एक डुक्कर मारू द्या. न्हायतर पोरांस्नी काय घालू?"

साहेब चहा पीत होते. म्हणाले, "डुक्कर सरकारचं. मारायला परवाना लागतो."

नारूनं तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "तुम्ही मारला त्यो वाघ जलमभर डुकरंच मारत हुता. त्येच्याकडं हुता व्हय परवाना?"

साहेबांनी त्याला नाक्यावर दिवसभर उन्हात उभा केला. पाणी द्यायला मी गेलो तर मलाही शिव्या बसल्या.

*

साहेबांना मासे फार आवडायचे. गळ टाकून बसायला मात्र वेळ नसायचा. रस्त्याच्या कामावरचा सुरुंग आणवला आणि डोहात टाकला. धडाम! सगळा डोह पांढरा. मोठे मासे टोपलीत गेले. बोटाएवढी पिल्लं तशीच तरंगत राहिली आणि सडली. पाणमांजरं होती ती गेली, बगळे गेले. बायका त्या पाण्याला हात लावेनात.

महिन्यानं साहेबांना परत मासे आठवले. शिवाप्पाला गळ घेऊन पाठवलं. संध्याकाळी तो रिकाम्या हातानं परतला.

"एवढ्या डोहात एक मासा नाही?" साहेब ओरडले.

शिवाप्पा टोपी काढून शांतपणे म्हणाला, "कुठला असणार साहेब? मागल्या खेपेला त्येंच्या नातवंडापतूर सगळी जेवलात की तुम्ही!"

*

नंतर साहेबांच्या डोक्यात कोळसुंदे शिरले. रानकुत्रे हो! ते हरणं खातात, आणि हरणं साहेबांच्या पाहुण्यांना लागतात. म्हणून एका मेलेल्या रेड्यात कुचल्याचं विष भरून तो माळावर टाकला. विष घालताना साहेब स्वतः नाकाला रुमाल लावून उभे होते.

कोळसुंदे शहाणे. फिरकलेच नाहीत. उतरली ती गिधाडं. सकाळी माळावर पंख पसरून मेलेली गिधाडं, कोल्हे, कावळे. इतकी वर्षं वाडीची मेलेली गुरं या गिधाडांनीच साफ केली होती. त्यानंतर ढोर मेलं की आठ आठ दिवस वास. पावसाळ्यात ते पाणी ओढ्याला लागलं आणि वाडीत हगवण आली. तुळसाक्का त्यात गेली.

पण साहेब रडले ते त्याच्या कितीतरी आधी, विष घातल्याच्या तिसऱ्याच दिवशी. बेळगावच्या कॅम्पातून आणलेला त्यांचा लाडका कुत्रा माळावरचा कावळा चघळून आला आणि पायऱ्यांवर तडफडून मेला. साहेब छाती बडवत ओरडले, "माझ्या जिमीला विष कुणी घातलं? नाव सांगा त्याचं! मी त्याला सोडणार नाही!"

शिवाप्पा माझ्या कानात म्हणाला, "सांग की रं, तुझा आवाज चांगला हाय."

*

आता शेवटचं सांगतो.

जर्मनच्या दुसऱ्या लढाईचे दिवस. भात पिकेना, जे पिकलं ते सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेलं. आषाढात वाडीत चुली पेटेनात. नारू हमालीला बेळगावात गेलेला. लक्षुमीनं रानातून टोपलीभर कडू कंद खणून आणले आणि साहेबांनी तिला वाटेतच धरली. राखीव रानातली चोरी! पोरांना शेजारणीकडं टाकून तिला तालुक्याच्या कोर्टात न्यायचं ठरलं. साहेब, मी, ती आणि मुद्देमाल म्हणून ती टोपली.

वाटेत नदीला पूर. नाव बंद. काठावरच्या देवळात दोन दिवस अडकलो. साहेबांचा डबा पहिल्या दिवशीच संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब टोपलीकडं बघायला लागले.

"हे खातात कसं?"

"राख घालून उकडायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं, परत उकडायचं," लक्षुमी म्हणाली. "पर चोरीचा माल हाय सायेब. चालंल?"

"आधी शिजव!"

तिनं देवळातल्या मडक्यात शिजवलं. साहेबांनी पूर उतरेपर्यंत बोटं चाटून सगळी टोपली रिकामी केली. मी नदीचं पाणी पिऊन उपाशीच राहिलो. ती तर शिवलीसुद्धा नाही.

कोर्टात साहेबांनी कायदा सांगितला, रानाचं नुकसान सांगितलं. मॅजिस्ट्रेटनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठीक आहे. मुद्देमाल कुठं आहे?"

साहेबांनी रिकामी टोपली माझ्याकडं सरकवली. मी ती परत त्यांच्याकडं.

लक्षुमीनं पदर सावरला.

"सायबांच्या पोटात हाय जी. मला जेलात घालायचं तर घाला, पर मुद्देमाल मोकळा हिंडतोय, त्येला आधी जप्त करा!"