ट्यूबलाइटचं उत्तर

आमच्या ताईला घरात सगळे ट्यूबलाइट म्हणतात. तिला काही विचारा, ती नुसती बघत राहते आणि विषय बदलला की उत्तर देते. भांडणात तर हमखास हरते, कारण तिचा टोला येईपर्यंत समोरचा जेवून झोपलेला असतो. पण ही बाई हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे मी धाकटा भाऊ म्हणून भोगलेलं आहे.

ती प्रयोगशाळेत लेझरवर काम करते. लेझरचा प्रकाश काचेच्या तंतूच्या लांबलचक वेटोळ्यातून फिरवायचा, पलीकडे त्याची वीज करायची आणि ती पुन्हा त्याच लेझरला द्यायची. म्हणजे लेझरला स्वतःचंच बोलणं जरा उशिरा ऐकू येतं. मी सभागृहांत माइक लावतो. स्पीकरसमोर माइक गेला की कशी शिट्टी वाजते ते मला ठाऊक आहे. हिचा लेझर मात्र एका सुरात बोंबलत नाही. त्याचा प्रकाश अशा वेड्यावाकड्या उड्या मारतो की पुढची कुठे पडेल, काही नेम नाही.

ताईचं म्हणणं, हा धिंगाणा नियमानेच चालतो. हुबेहूब दुसरी जोडणी करून तिला पहिलीचा थोडा प्रकाश दिला, तर दोन्ही एकसारख्या उड्या मारतील. पण दुसरी काही दाद देईना. लेझर बदलून झाला, तापमान जुळवून झालं. सोमवारी विभागप्रमुखांनी पडद्यावरच्या, दोन्ही जोडण्यांच्या न जुळणाऱ्या रेषा पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, हा निव्वळ कचरा आहे. शुक्रवारी टेबल दुसऱ्यांना देतोय."

इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं आणि ताई नेहमीसारखी गप्प. ऐकून माझ्याच अंगाची लाही लाही झाली.

गुरुवारी तिचं सामान आणायला मी गाडी घेऊन गेलो. ती स्क्रू आवळत बसली होती.

"ताई, जेवलीस का?"

उत्तर नाही.

"बरं, टेबल सोडणार का मग?"

"हो."

मी उडालोच. "सोडणार?"

"छे! जेवले म्हणून सांगतेय."

"तुझी उत्तरं बरोबर असतात गं," मी हसत म्हटलं, "फक्त भलत्याच प्रश्नाला जाऊन चिकटतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम तिची ट्यूब पेटली आणि ती टेबलाखाली शिरली. दुसरी जोडणी टेबलाच्या टोकाला होती. पहिलीचा प्रकाश तिथवर नेणारा तंतू पुरत नव्हता, म्हणून तिनेच मध्ये एक तुकडा जोडला होता. वेटोळी मोजूनमापून सारखी घेतली आणि या तुकड्यात प्रकाशाला लागणारा जादा वेळ साफ विसरली.

"अरे, ही माझ्यापेक्षा उशिरा उत्तर देतेय!" ती खालूनच ओरडली.

मी टेबलावर जागा करून दिली. तिने जोडणी जवळ घेतली, तुकडा काढला आणि बटण दाबलं. रेषा पूर्वीइतक्याच वेड्यावाकड्या होत्या, पण आता एकीवर दुसरी तंतोतंत बसली होती. मला रडूच आलं. ताई मात्र पुन्हा स्क्रू आवळायला लागली.

शुक्रवारी प्रमुख टेबल दाखवायला नव्या लोकांना घेऊन आले. पडद्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"मॅडम, हे कसं जमलं?"

"नाही, सर," ताई म्हणाली.

"काय नाही?"

"कचरा नाही. सोमवारी म्हणाला होतात ना."