माकड आणि बुरशी यांतला फरक

त्र्याहत्तर साली मी संगमनेरपलीकडच्या अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. नवरा केडगावला, तीन वर्षांची मुलगी सासूबाईंपाशी, आणि मी एका शेतकऱ्याच्या पडवीलगतच्या खोलीत. बोलायला फक्त स्टोव्ह होता, तोही भडकल्याशिवाय बोलत नसे.

दिवाळीला घरी गेले तर मुलगी आजीच्या पदराआड लपली. माझी ओळख कुणीतरी करून द्यावी लागली! परत आले त्याच संध्याकाळी चाचणीच्या पेपरचं स्टेन्सिल लिहायला बसले. लक्ष कुठलं लागतंय? 'फरक स्पष्ट करा' खाली दोन जोड्या होत्या: सिंहपुच्छ माकड व साधं माकड, शैवाल व लाकूड कुजवणारी बुरशी. मधले दोघे माझ्याकडून गळले. राहिले सिंहपुच्छ माकड आणि बुरशी.

वर्गाने हूं की चूं केलं नाही. पेपरात आलंय म्हणजे फरक असणारच. सगळ्यांनी पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली आणि दोन्हीकडे भरभरून लिहिलं.

मुख्याध्यापक वैतागले. "प्रश्न रद्द करा, सरसकट गुण द्या. वाचत बसू नका." मी मुद्दाम वाचत बसले, घरी कोण वाट बघत होतं? बहुतेकांचा मुद्दा एकच, माकडाला शेपूट असते, बुरशीला नसते. काहींनी मी शिकवलेलं लिहिलं होतं: जंगल तुटलं की हे माकड दुर्मीळ होतं, बुरशी मेल्या झाडावरही जगते.

एका मुलीने लिहिलं होतं, "माकडीन पोर पोटाशी धरून हिंडती. बुरशी तिचं पीठ वाऱ्यावर सोडती. ते कुठं रुजलं, तिला कळत न्हाई."

सवयीने मी तांबड्या शाईने 'पीठ' खोडून 'बीजाणू' लिहिलं. मग मात्र रडू आवरेना.

घरमालकीण दारात आली. सगळं ऐकून म्हणाली, "आना की पोरीला हिकडं. आमची चार हायेत, त्यात पाचवी."

रविवारी जाऊन मुलीला घेऊन निघाले. सासूबाई तिच्या कपड्यांची पुन्हा पुन्हा घडी करत राहिल्या. एसटीत ती खिडकीशी अंग चोरून बसली. संगमनेरच्या अलीकडे तिला झोप लागली. मी हळूच तिला मांडीवर ओढून पोटाशी धरलं.

अकोल्याला जागी झाली. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि हुंदके देत म्हणाली, "मला आईकडे जायचंय."