शनिवारचा वर्ग

व्यसनमुक्ती केंद्रातल्या नर्सला सगळे ताई म्हणायचे. चाळिशी उलटल्यावर तिनं नोकरी सांभाळून विद्यापीठाच्या समुपदेशनाच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पहिल्याच शनिवारी तिच्या शेजारच्या बाकावर लंबू येऊन बसला. दारू सोडायला तो तिच्याच वॉर्डात राहून गेला होता; उंचीमुळं तिथं त्याला हे नाव पडलं होतं. हात थरथरायचे तेव्हा पाण्याचा पेला तिनंच त्याच्या ओठांना लावला होता. आता तो दुसऱ्या एका केंद्रात कामाला होता.

ओळख दाखवावी की नाही, ताईला कळेना. पेशंटची गोष्ट बाहेर काढायची नाही, हा तर नियमच. तिनं पुस्तकात डोकं खुपसलं.

तेवढ्यात सरांनी जोड्या लावल्या. एकानं समुपदेशक व्हायचं, दुसऱ्यानं रुग्णाचा नातेवाईक.

लंबूनं खुर्ची वळवली. "बोला, काय त्रास होतोय?"

ताई काहीतरी खोटंच सांगणार होती. पण तोंडून निघालं, "धाकटा भाऊ पितो. माझ्याशी धड बोलतही नाही."

"ताई, हे खरंय?" लंबूनं हळूच विचारलं.

"खरंय रे," ती म्हणाली.

"छान वठवलंत!" सर म्हणाले, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. ताई ओशाळून हसली.

बाहेर पडताना लंबू म्हणाला, "मी बोलून बघू त्याच्याशी?"

हे नियमात बसतं का, याचा विचार करेपर्यंत तिनं भावाचा नंबर देऊनही टाकला होता.

त्या संध्याकाळी भाऊ लंबूशी तासभर बोलला. लंबूकडून हे ऐकून ताईला बरं वाटलं, आणि वाईटही.