बाजूवाल्याची लांब बांधी

आदरणीय दामोदर गुरुजींना पंचाहत्तरावे वर्ष लागले. गौरवग्रंथासाठी दोन पाने लिहा, असे फुटबॉल संघाच्या मंडळींनी सांगितले, तेव्हापासून मी धास्तावलो आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. काही चुकले तर गुरुजींच्या नावाला कमीपणा यायला नको. तरी लिहितो.

त्यांची माझी पहिली भेट वरठीच्या मैदानावर झाली, आणि मी गेलो होतो भांडायला. माझा मुलगा सुधीर पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करतो. ड्युटी सुटली की त्याची मोटरसायकल घराकडे न वळता मैदानाकडे वळायची. दिवसभर आगीसमोर उभे राहायचे आणि वर हे फुटबॉलचे धावणे! थंडीतली संध्याकाळ होती. गवतावर धुके उतरले होते. पोरांचे पाय दिसतच नव्हते. बगळ्यांसारखी ती नुसती तरंगत होती. मी भांडण विसरून बघत राहिलो.

"बसा बाबाजी," पोरांना खेळ शिकवणारे गुरुजी म्हणाले. "कोणाचे बाप तुमी?"

"सुधीरचा. मले सांगा, माहा पोरगा एवढा कायले धावते?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी दुपट्टा जमिनीवर पसरला, खिशातले फुटाणे काढून त्यावर मांडले आणि म्हणाले, "हे शेत समजा. प्रत्येकाची आपली बांधी." आमच्याकडे धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, वेढलेल्या धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात. मागे चार गडी, मध्ये चार आणि पुढे दोन लावले, तर बाजूची बांधी दोघांत वाटली जाते. मागे तीनच ठेवून मध्ये पाच लावले, तर मधल्यांना सोबत मिळते, पण बाजूवाला एकटा पडतो. चेंडू पुढे गेला की त्याने पुढे पळायचे, फिरला की उलट मागे. सुधीर असाच बाजूवाला होता. त्यांनी त्याचा फुटाणा दुपट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने सरकवत नेला आणि परत आणला. बघूनच मला दम लागला.

"मांडणी बदलली का धावणं बदलते, बाबाजी. कोणाचा दम खर्च होऊन राहिला, ते पाहा लागते."

मी घरी गेलो तो संघाचा पाणीवाला होऊनच. आजतागायत आहे.

गुरुजींची ही भाषा एकदा अंगावरही आली. लाखांदूरकडचा एक नवा गडी होता. सामन्यात चेंडू त्याच्या समोरून घरंगळत गेला आणि हा जागीच उभा.

"अबे, काहून थांबला?"

"दुसऱ्याच्या बांधीत कसा जाऊ गुरुजी? भांडण होते ना!"

सारे मैदान हसले. गुरुजी म्हणाले, "जा बिनधास्त. इथं धुरा मोडला तरी तलाठी येत नाही." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी समजावले, की शेजारी थकला असेल तर त्याच्या बांधीत जावेच लागते. कोणाला अपमानाने शिकवणे त्यांच्या स्वभावात नाही.

आता मुख्य गोष्ट. बपेऱ्याच्या संघाशी अंतिम सामना होता. मागे तीन लावूनच आम्ही तिथवर पोचलो होतो. अर्ध्या वेळेला एका गोलने पुढे होतो. सुधीर ड्युटी करून थेट आलेला. मी पाणी दिले तर तो गवतावर बसून पोटऱ्या चोळू लागला. बदली गडी उरला नव्हता. बोलावे तर संघाचे नुकसान, न बोलावे तर माझाच जीव जातो. मी बादली उचलून पुढच्या गड्याकडे गेलो.

गुरुजी त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आता मागं चार."

कप्तान भडकला. "जिंकून राहिलो ना आपण! मांडणी कायले मोडता?"

"बाजूवाल्यांचे पाय गेले. एकेका बाजूले दोघं दोघं राहा."

बाजू सावरल्या, पण मध्ये माणूस कमी पडला. बपेऱ्याची पोरे तिथूनच घुसली. दोन गोल झाले. कप गेला.

परतीच्या गाडीत कप्तान खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "गुरुजीनं कप बपेऱ्याले आंदण देला."

"कप पुढच्या साली बी भेटते," गुरुजी शांतपणे म्हणाले. "याले उद्या भट्टीपुढं उभं राहा लागते. तिथं पाय लटपटला तर काय करतं?"

बाहेर संध्याकाळच्या उजेडात तळी एकामागून एक सरकत होती, आणि गाडी जणू पाण्यावरूनच चालली होती. कप्तानाने थोड्या वेळाने आपली शाल काढून झोपलेल्या सुधीरच्या पायांवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सुधीर डबा घेऊन न लटपटता मोटरसायकलीपर्यंत चालत गेला आणि ड्युटीवर निघाला. मी दारात उभा राहून त्याची चाल बघत होतो. रस्त्यापलीकडे सायकल धरून गुरुजीही तेच बघत उभे होते. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

त्या सकाळपासून माझ्या मुलाची काळजी करणारे आम्ही दोघे झालो. माझा काही भरवसा नाही. मी काळजीनेच अर्धा झालो आहे. म्हणून देवाजवळ मागणे एवढेच, की गुरुजींना निरोगी शंभरी लाभो, त्यांची नजर अशीच शाबूत राहो, आणि मी नसेन तेव्हाही पोरांची पावले बघायला ते मैदानाच्या काठी असोत.