चौथ्या प्लगची टोपी

आमचा टेम्पो सिग्नलला थांबला की थरथरायला लागायचा. धावताना ठीक. थांबला की धडधड, मग एक आचका, आणि बंद. सकाळी मंडईच्या तोंडाशी बंद पडलेल्या टेम्पोला पुणेकर काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. शिवी एकही नसते. "अहो, इथेच मुक्काम आहे का? नाही, जेवायला किती जण ते सांगून ठेवा, म्हणजे बरं." चालक मान खाली घालून स्टार्टर मारत राहतो आणि मागे मेथीच्या जुड्या माना टाकत राहतात.

मी ज्या संघटनेचं काम करते ती हातगाडीवर भाजी विकणाऱ्यांची आहे. दलालाच्या गाडीवर अवलंबून राहायला नको म्हणून सगळ्यांनी मिळून एक जुना सीएनजी टेम्पो घेतला. पहाटे मार्केट यार्डातून माल उचलायचा, आधी मंडईच्या आसपासच्या गाड्यांना द्यायचा, मग थेट खराडीपर्यंत. मी संघटनेची पत्रकं लिहिते आणि वाटतेही, त्यामुळे अधूनमधून चालकाशेजारी बसून फिरते. चालकाला सगळे मामा म्हणतात. मूळचे यवतमाळकडचे. इतकी वर्षं इथे एकटे राहिले. यंदा मुलीला इथल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तिला आणि बायकोला घेऊन आले. खराडीत एकेकाळी ज्वारी पिकवणाऱ्या आणि आता खोल्या भाड्याने देणाऱ्या एका कुटुंबाच्या चाळीत राहतात. टेम्पोही तिथेच अंगणात उभा असतो. म्हणजे नोकरी गेली तर नुसती नोकरी जाणार नव्हती. खोली सुटणार होती, मुलीचं कॉलेज सुटणार होतं आणि तिघं परतीच्या गाडीत बसणार होती.

आणि नोकरी जाणार अशी चिन्हं स्पष्ट होती.

झालं एवढंच की खंडेनवमीला सकाळी मामांनी स्वतः टेम्पोचे स्पार्क प्लग बदलले. पूजेच्या आधी गाडी नीटनेटकी असावी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्यापासून गाडी मिसिंग मारायला लागली. मिसिंग म्हणजे चारपैकी एखाद्या प्लगची ठिणगी पडतच नाही, उरलेले तीन इंजिन ओढतात. वेगात ते कळत नाही, उभ्या गाडीत अंग हादरतं.

आमच्या खजिनदारांनी निकाल लगेच लावला. प्लग बदलले, गाडी बिघडली, म्हणजे प्लग नकली. पुढचं वाक्य त्यांनी आवाज खाली आणून म्हटलं. असली प्लगचे पैसे घेऊन नकली बसवले असणार. मला तिथेच राग आला. चौकशीशिवाय कामगारावर कारवाई नको, ही ओळ आमच्या प्रत्येक पत्रकात असते. मी स्वतः लिहिते. महापालिकेला ती ओळ आम्ही ओरडून ऐकवतो. आणि घरच्या माणसाला विचारायचंही नाही? खजिनदारांच्या बहिणीच्या मुलाला नुकतंच लायसन्स मिळालंय, ही बातमीही त्याच बैठकीत कळली. योगायोग, दुसरं काय. चालक बदलण्याचा विषय रविवारच्या बैठकीवर ठेवला गेला.

भाजीवाल्यांना मी दोष देणार नाही. ज्यांची पालेभाजी रोज टेम्पोत सुकत होती त्या बायका चिडणारच. एकीने मामांच्या तोंडावर सांगितलं, "तुमच्या हाताला यश नाही हो." उतरवलेली पोती त्यांनी तिच्या गाडीपर्यंत नेऊन दिली, जे त्यांचं काम नाही.

आमचे अध्यक्ष रात्रशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सगळ्यांचे सर. पत्रक लिहायला मला त्यांनी शिकवलं. विशेषणं कापायची, मागणी ठळक करायची आणि दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं. त्या शिकवणीला जागून मी आधी नाना पेठेत प्लगच्या दुकानावर गेले. मनात मथळाही तयार होता. दुकानदाराने मी पुढे केलेला प्लग उलटासुलटा करून पाहिला, प्लग चांगला आहे म्हणाला, आणि परत देताना विचारलं, "गाडी तपासलीत, की सरळ मोर्चाच आणलात?" मी एकटी होते, पण त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं.

म्हणून शनिवारी खराडीला गेले. त्या दिवशी फेरी नव्हती. मामा टेम्पोची सीट उचलून वाकले होते. या गाडीचं इंजिन चालकाच्या सीटखालीच असतं. त्यांनी काय काय केलं होतं ते सांगितलं. जुने प्लग परत बसवून पाहिले होते, थरथर तशीच. म्हणजे नवे प्लग नकली ही गोष्ट तिथेच संपली. हे तुम्ही कुणाला सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. खजिनदार म्हणाले होते, मग जुनेही नकली असतील.

मामांचा संशय गॅसच्या किटवर होता, आणि तो त्यांनी सहज सोडला नाही. मी म्हटलं, गाडी पेट्रोलवर टाकून बघू. पेट्रोलवरही तीच धडधड. मामांना ते पटलं नाही, त्यांनी परत गॅसवर घेतली, परत पेट्रोलवर. मग बराच वेळ किटकडे रागाने पाहत बसले.

प्रत्येक प्लगवर वायरच्या टोकाला एक रबरी टोपी असते. चालू इंजिनावर एकेक टोपी काढून पाहायची, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. टोपी काढल्यावर इंजिन लंगडलं तर तो प्लग काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच झोपलेला. मामांना हे माहीत होतं, पण शॉक बसतो म्हणून ते टाळत होते. शेवटी कोरडं फडकं हाताला गुंडाळून तयार झाले.

"मले शॉक लागला तर पत्रक काढान ना जी?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बाजूंनी छापून."

पहिली टोपी काढली, इंजिन लंगडलं. दुसरी, तिसरी, तसंच. चौथी काढली, आणि इंजिनाला पत्ताच नाही. जसं थरथरत होतं तसंच थरथरत राहिलं. मामांनी इंजिन बंद करून तिसरा आणि चौथा प्लग एकमेकांच्या जागी बसवले. पुन्हा तपासलं. मुकं होतं ते चौथंच. म्हणजे खोट प्लगमध्ये नव्हती. मग कशात?

इंजिन तापलं होतं. थंड होईपर्यंत मामींनी चहा दिला. चहा पिताना मला अंगणातून टेम्पोच्या चाकावर चढणारी मुंग्यांची ओळ दिसली. मामा म्हणाले, त्या रोजच्याच. नवरात्रात उपासाची रताळी भरून आणली होती, त्या पोत्यांचा गोडवा असेल. रोज सकाळी ते सीटवरच्या मुंग्या झटकून गाडी काढत होते.

पण पोती मागे असतात. मुंग्या पुढे चालल्या होत्या.

मी टॉर्च धरला. ओळ सीटच्या खालून आत वळली आणि जसजसं इंजिन निवत गेलं तसतशी पुढे सरकत चौथ्या प्लगच्या खळग्याशी पोचली. मामांनी टोपी पुन्हा उपटून काढली आणि या वेळी आतून पाहिली. आत काहीतरी चिकट, तपकिरी, करपल्यासारखं. खळग्याच्या कडेवरही वरून खाली तसाच एक ओघळ. मामांनी बोट लावलं आणि मी नको म्हणायच्या आत ते जिभेला लावलं.

"गोड हाय," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला.

मला कळायला थोडा वेळ लागला. मामांना लगेच कळलं होतं. खंडेनवमीला सीट उचललेलीच होती. प्लग नुकते बसवलेले. मामांचा आग्रह की नारळ सरांच्या हातून फुटावा. सर देव मानत नाहीत, पण नारळ फोडायला त्यांची ना नसते. "नारळाने माझं काही बिघडवलेलं नाही," असं म्हणतात. त्यांनी नारळ फोडला, चाकांवर पाणी शिंपडलं आणि उरलेलं वाटीतलं सगळं पाणी मनापासून इंजिनावर ओतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. ते पाणी चौथ्या खळग्यात साचलं, टोपीच्या आत शिरलं, गरम होऊन आटलं, आणि गोड-खारट चिकटा मागे राहिला. ठिणगीला पुढे उडी मारायचे कष्ट कशाला? ती त्या चिकट्यावरून सरळ इंजिनाच्या अंगात उतरत होती.

मामांनी खळगा पुसला, प्लग पेट्रोलने धुऊन वाळवला. टोपी आतून जळली होती, ती काढून ठेवून जुन्या वायरीची चांगली टोपी बसवली. गाडी चालू केली. टेम्पो उभा राहिला. नुसता उभा. इतके दिवस त्याच्याबरोबर हादरणारा आरसाही स्थिर होता.

मी खूश होते. दोषी सापडला होता आणि तो मामा नव्हते. रविवारी कसं मांडायचं ते मी मनात जुळवायला लागले. तेवढ्यात मामा म्हणाले, "ताई, बैठकीत हे सांगू नका जी."

मला वाटलं गंमत करतायत. नव्हते. त्यांचं म्हणणं असं की नारळ फोडा, असं सरांना त्यांनीच सांगितलं होतं. सीट त्यांनी उघडी ठेवली होती. आता स्वतःची नोकरी वाचवायला सरांवर आणि पूजेवर ढकलायचं? टोपीत पाणी गेलं, एवढंच ते सांगणार.

मी चिडले. तुमच्यावर चोरीचा आळ आहे, म्हटलं. तुमची मुलगी कुठे शिकणार ते उद्या ठरणार आहे आणि तुम्ही सरांचा मान सांभाळताय?

"सरायचा मान हायच," ते म्हणाले. "पण तुमी लोकं पुढच्या साली पूजाच बंद करान. इंजिनाची पूजा नाई, तं मंग वर्षभर मी कोणाच्या भरवशावर चालवू?"

पूजेने इंजिन चालत नाही हे मी चारचौघांत सिद्ध करून दाखवीन, पण पहाटे अंधारात, जुन्या ब्रेकच्या टेम्पोत, एकट्याने घाट चढल्यासारखी आपली जिंदगी ओढणाऱ्या माणसाला ते ऐकवण्याची माझी तेव्हा इच्छा झाली नाही. तरी वचन काही दिलं नाही.

रविवारी बैठक झाली. खजिनदारांनी चालक बदलण्याचा विषय मांडला आणि नकली प्लगपासून सुरुवात केली. मामा उभे राहिले. "चूक माझी हाय जी. टोपीत पाणी गेलतं. आता गाडी बरोबर चालते."

"पाऊस कधीच संपला," खजिनदार म्हणाले. "पाणी आलं कुठून?"

मामा गप्प. खजिनदारांनी सगळ्यांकडे पाहिलं. बघा, विचारलं की गप्प. एक-दोघांनी माना हलवल्या. अजून दोन वाक्यं झाली असती आणि विषय मंजूर झाला असता, इतकं ते सरळ चाललं होतं.

"नारळाचं पाणी होतं," मी म्हणाले. "खंडेनवमीला सरांनी ओतलेलं." आणि मग प्लगची अदलाबदल, मुंग्या, करपलेली टोपी, सगळं सांगितलं. टोपी पिशवीत होती, ती टेबलावर ठेवली. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

सरांनी टोपी उचलून आत डोकावून पाहिलं. "गोड आहे हे कोणी ठरवलं?"

"मामांनी चाखलं."

"मग साक्ष पक्की आहे." ते खजिनदारांकडे वळले. "लिहा. गाडी अध्यक्षांनी बिघडवली. चालकाने शोधून दुरुस्त केली. आता काढायचं कोणाला, त्यावर मत घ्या."

खजिनदार म्हणाले, सर, असं कसं, तुमचा हेतू चांगला होता. सर म्हणाले, हेतू मामांचाही चांगला होता, त्यांना तुम्ही चोर म्हणालात. भाजीवाल्यांपैकी, हाताला यश नाही म्हणणारी जी होती, तीच शेवटी म्हणाली, अहो, मिटवा आता, मला लसूण सोलायचाय.

पण मामा बसेनात. पूजा बंद करू नका, एवढं त्यांना मंजूर करून हवं होतं. सरांनी ठराव सांगायला सुरुवात केली.

"पुढील वर्षी खंडेनवमीस नारळ फोडावा. सीट बंद असावी. पाणी इंजिनास न देता सध्याच्या चालकाने प्यावे."

खजिनदारांचं पेन थांबलं. "'सध्याच्या' लिहायलाच हवं का?"

"तेच तर लिहायचंय. बाकीचं नाही लिहिलंत तरी चालेल."

जिन्यावर मामा माझ्या पुढे दोन पायऱ्या उतरत होते. "तुमी सांगतलंच शेवटी," ते मागे न बघता म्हणाले.

"सांगितलं."

खाली रस्त्यावर पोचल्यावर ते जरा बाजूला गेले आणि मुलीला फोन लावला. रिक्षांच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "हो, इथंच. इथंच राहाचं हाय."