बौशरच्या व्हिलातलं बाहेरचं किचन

मनवा, जवळ ये बघू जरा. चष्मा लाव आणि हे नीट वाच, नेहमीसारखं वरवर चाळू नकोस. आठवडाभर मला किचनचे फोटो पाठवते आहेस. "मावशी, हे कसंय? मावशी, असा आयलंड घेऊ का?" माझ्या फोनचं शोरूम करून टाकलंस. एकदा तरी विचारलंस का, मावशी तुझा गुडघा कसा आहे? असू दे. पण त्या एवढ्या फोटोंत एक तरी माणूस उभं दिसलं का तुला? नाही ना? म्हणून सांगतेय, ऐक.

तर मी त्याच दुखऱ्या गुडघ्यावर बसले होते, बौशरच्या एका व्हिलात, स्लायडिंग दाराच्या खालच्या पट्टीत नाक खुपसून. दार अडकत होतं. आमच्या धंद्यात याला स्नॅगिंग म्हणतात. काम संपवून चावी दिली की महिन्या-दोन महिन्यांनी परत जायचं आणि राहिलेल्या बारीकसारीक चुका शोधायच्या. ड्रॉवर घासतोय, सिलिकॉन सुटलंय, दार अडकतंय, असलं सगळं. दारात वाळू गेली होती, बाकी काही नव्हतं. मस्कतमध्ये ती कुठेही जाते.

उठताना माझं लक्ष शेगडीकडे गेलं. काचेवरचं प्लास्टिक अजून तसंच. चिमणीवरचा स्टिकरही तसाच. मी स्वतः निवडलेलं किचन ते. पांढरा आयलंड, वर तीन दिवे, उंच स्टुलं. आयलंड म्हणजे मधोमध मोकळा उभा ओटा. घरात राहायला येऊन माणसांना दोन महिने झाले होते आणि इथे कुणी साधा चहा केलेला नव्हता.

पण घरात वास येत होता. बांगड्याचा. आणि तिरफळाचा.

मी वासामागे निघाले.

इथल्या व्हिलात किचनं दोन असतात. एक आत, दिवाणखान्यातून दिसणारं. त्याला आम्ही शो किचन म्हणतो. दुसरं मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीलगत, छपराखाली. त्याला लोक सरळ डर्टी किचन म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, मी बाहेरचं किचन म्हणते. मासे, तळण, मसाले भाजणं, सगळं तिकडे, म्हणजे आतल्या सोफ्याला वास लागत नाही. बहुतेक घरांत तिथे फक्त कामवाली उभी असते, घामाने निथळत.

या घरात तिथे भरलेला संसार होता. जमिनीवर पाटावर माझ्या गिऱ्हाइकाची, अभिजितची आई, शालिनीताई, विळीवर नारळ खोवत बसलेली. दापोलीकडची बाई, उंचीने एवढीशी, आवाज खणखणीत. समोर सरोजा, त्यांच्याकडे काम करणारी, आंध्रची. तिला मराठी येत नाही, ताईंना तेलुगू येत नाही, पण दोघींचं बोलणं थांबत नव्हतं. मागचं फाटक सताड उघडं. फाटकाजवळ उलट्या क्रेटवर शेजारची ओमानी बाई, उम्म सालिम, कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास मांडीवर घेऊन. इथे बाईला तिच्या मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, सालिमची आई म्हणून उम्म सालिम. तिने ताईंचंही नाव ठेवलं होतं, उम्म अभिजित. आणि नात इरा, आठवीतली, नाकाला ओढणी बांधून बांगडे साफ करत होती. घाणही वाटत होती आणि हलायचंही नव्हतं तिला.

"ये गो, बस," ताई मला म्हणाल्या. "तूच ना ती, आत हॉटेल बांधलंयस?"

मी हसले. काय करणार?

"आत नाही करत काही?" मी विचारलं.

"आत ओटा बघ ना केवढा उंच. तिथे खोवायला बसले तर उतरायला शिडी आणावी लागेल."

खरं होतं. ओटा आम्ही नव्वद सेंटिमीटरचा करतो. ठरलेलं माप, कॅटलॉगमधलं. ताईंच्या उंचीला त्या ओट्यावर खांदे कानाशी येतात. आणि विळीला लागते जमीन. माझ्या ड्रॉइंगमध्ये जमीन होती ती चालायला.

सकाळी बरक्याच्या किनाऱ्यावरून मासेवाला पिकअप घेऊन यायचा, तो मागच्या फाटकाशी थांबायचा. त्याच्याशी ताई भांडायच्या मराठीत, तो अरबीत. "कनाद, कनाद," तो ओरडायचा, म्हणजे आपली सुरमई. "कल्ले उघडून दाखव मेल्या," ताई म्हणायच्या, आणि तो दाखवायचा. मग उम्म सालिम मध्ये पडून भाव तोडायची. मी अर्धा तास तिथे बसले. साइटवर मी कधी बसत नाही.

महिन्याभराने अभिजितचा फोन आला. गिऱ्हाइकंही मला मावशीच म्हणतात. "मावशी, बाहेरचं किचन काढायचंय. तिथे आउटडोअर लाउंज करूया. बार्बेक्यू, बार काउंटर, मस्त लायटिंग. विंटर येतोय."

इथे थंडी म्हणजे पार्ट्यांचा मोसम, ते मला माहीत होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी गेले. डायनिंग टेबलावर बैठक. अभिजित, त्याची बायको केतकी, शालिनीताई कडेच्या खुर्चीत, इरा जिन्यावर.

"तिथे ताई बसतात ना," मी म्हटलं.

केतकीचा चेहरा उतरला. वाईट मुलगी नाही ती, सांगून ठेवते. "तेच तर, मावशी. परवा वाढदिवसाला लोक आले होते. एक बाई मागे हात धुवायला गेली आणि परत येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, अय्या, सासूबाईंना मेडबरोबर बसवता होय तुम्ही? मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं."

"मी आईला इथे काम करायला नाही आणलं," अभिजित म्हणाला. "जन्मभर चूल फुंकलीय तिने. आता आत, एसीत बसायचं. राणीसारखं."

"मी काम कुठे करते रे? मी बसते," ताई म्हणाल्या.

"मग आत बस ना, आई."

जिन्यावरून इरा म्हणाली, "पण बाबा, आजी तिकडे... ती हॅपी असते ना."

"इरा, यू स्टे आउट ऑफ इट."

मी ताईंकडे पाहिलं. वाटलं, बोलेल आता ही बाई. मासेवाल्याला ऐकत नव्हती ती. पण त्या साडीची निरी सारखी करत म्हणाल्या, "मला काय? तुमचं घर. छानच करा."

मी मागे अंगणात माप घ्यायच्या निमित्ताने त्यांना गाठलं. "ताई, एकदा तोंड उघडा की. नको म्हणा. बाकीचं मी बघते."

"कशाला गो?" त्या म्हणाल्या. "पोरगा एवढ्या हौसेने आईसाठी करतोय. त्याला नको म्हणू? त्याचं तोंड केवढंसं होईल."

त्यांनी टेपचं टोक धरलं आणि मी त्यांच्याच जागेचं माप घेतलं.

तरी मी गप्प बसले नाही. मी डिग्रीवाली नाही, तुला माहीत आहे. इथल्या हमरिया भागात पडदे शिवता शिवता गिऱ्हाइकं विचारायला लागली, भिंतीला रंग कोणता देऊ, तिथून माझं सुरू झालं. ड्रॉइंग वाचायला शिकले ती डोळे फोडून. पण एक गोष्ट मला येते. नको म्हणायचं असेल तर नुसतं नको म्हणायचं नाही, दुसरं काहीतरी काढून दाखवायचं. मी दोन नकाशे काढले. एकात त्यांना हवं ते. दुसऱ्यात बार्बेक्यू घराच्या बाजूच्या पट्ट्यात. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यात मोकळी जागा सोडावी लागते, सेटबॅक म्हणतात तिला. ती पट्टी नुसती पडून होती, तिथे लाउंज मजेत बसत होता. बाहेरचं किचन तसंच ठेवायचं. फक्त छपराला उष्णता अडवणारा थर, एक मोठा एक्झॉस्ट, बसायला भिंतीतला कट्टा आणि रंग. फाटकाला हात लावायचा नाही.

आमचे थॉमस साहेब, फर्मचे मालक, केरळचे. त्यांनी दोन्ही नकाशे पाहिले.

"मॅडम, क्लायंट ने एक माँगा, आप ने दो बनाया. क्यों?"

"साहब, उनकी माँ वहाँ बैठती है."

"माँ क्लायंट है?"

"नहीं."

"तो? आप डिझायनर हो या उनकी समधन? यल्ला, पहलावाला भेजो. खलास."

मी दोन्ही पाठवले. साहेब चिडले, चिडू देत. अभिजितचा फोन आला, आवाज अगदी प्रेमाचा. "मावशी, तुमचा दुसरा ऑप्शन पाहिला. पण मग प्रश्न तिथेच राहतो ना. किचन असेल तर आई तिथेच जाऊन बसणार." त्याला नेमकं कळलं होतं बघ. कळूनच तो पाडत होता. घर भाड्याचं. घरमालक ओमानी, भला माणूस. "भिंती सोडून काय हवं ते करा," म्हणाला.

काम सुरू झालं. ओटा फुटला, सिंक निघालं. लाकडासारखी दिसणारी टाइल आली. बार काउंटरला लांबी कमी पडत होती, म्हणून तो मागच्या फाटकावरून पुढे नेला. फाटक आतून कायमचं बंद. एकदा मी साइटवर असताना बाहेरून कुणी तरी फाटक वाजवलं. "उम्म अभिजित! उम्म अभिजित!" सुतार माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेरून वळसा घालून गेले. उम्म सालिम थर्मास घेऊन उभी. मी मोडक्या अरबीत सांगितलं, पुढच्या दाराने ये. ती नुसती मान हलवत राहिली. पुढच्या दारी बेल, कॅमेरा, आणि घरात पुरुष माणूस असेल-नसेल. शेजारीण पुढच्या दाराने आली की पाहुणी होते, मनवा. तिला ते कळलं, म्हणून ती परत गेली. मासेवाल्याने दोन-चार दिवस मागे हॉर्न वाजवला, मग तोही थांबला.

चावी द्यायला गेले तेव्हा संध्याकाळचे दिवे लावून ठेवले होते केतकीने. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. अभिजितने मला मिठी मारायचीच बाकी ठेवली होती. शालिनीताई आत रिक्लायनरवर बसल्या होत्या. रिक्लायनर म्हणजे बटण दाबलं की पाय वर येणारी खुर्ची. त्यांचे पाय वर आलेले, खाली कसे आणायचे ते ठाऊक नाही, आणि कुणाला हाक मारायचा संकोच. मी बटण दाबलं.

"जेवण कोण करतं आता?" मी विचारलं.

"सरोजा आत करते. मासे नाहीत, वास येतो. इरा तिच्या खोलीत असते." मग एकदम म्हणाल्या, "टीव्हीवर मराठी लागतं हो. सगळं लागतं."

मी त्यांच्याजवळ बसले, पण बोलायला काही सुचेना. बाहेर आम्ही अर्धा तास बोललो होतो, ते हात कामात होते म्हणून. इथे दोघींच्या मांड्यांवर रिकामे हात. समोर मोठ्या टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.

त्या थंडी संपायच्या आत गावी परत गेल्या. व्हिसा होता अजून. गुडघे, झोप, हवा, काय काय कारणं सांगितली त्यांनी. खरं ते सांगितलं नाही. मुलाला उघड नको म्हणणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून तिकीट काढायला लावलं. आपल्याकडच्या बायकांचं नाही म्हणणं असंच असतं, सामान बांधून.

अभिजितने मला फोन केला. लाइटचा एक ट्रान्सफॉर्मर गेला होता, त्यासाठी. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, आई परत गेली. सगळं तिच्यासाठी केलं हो मी. तुम्ही पाहिलंत ना? तिला इथलं मानवलंच नाही." माझ्या जिभेवर सगळं आलं. पण आई परत गेल्यावर मुलाला ते ऐकवून काय मिळणार होतं? आधी कागदावर काढून दाखवलं होतं, तेव्हा त्याने पाहिलं होतं. मी म्हटलं, "उद्या इलेक्ट्रिशियन पाठवते."

थॉमस साहेबांनी त्या लाउंजचे फोटो फर्मच्या पेजवर टाकले. इतकी चौकशी यायला लागली की विचारू नकोस. "आम्हाला बाहेरचं तसंच करून द्या." मी करून देते. पोट आहे, इथला व्हिसा नोकरीवर आहे. फक्त आता मापाला जाताना सकाळी जाते, न सांगता, आणि मागच्या दाराने. कोण कुठे बसलंय ते बघते. ते गिऱ्हाइकाला सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, "हो हो, ते मॅनेज होईल." मग मी टेप काढते.

तुझ्या किचनचं विचारतेस तर माझं उत्तर एवढंच. आधी तुझ्या सासूबाईंना ओट्यासमोर उभं कर, कोपर वाकवून, आणि कोपराखाली चार बोटं मोजून ओट्याची उंची ठरव. त्या जमिनीवर बसत असतील तर जमीन मोकळी सोड. त्यांना काय हवं ते विचारू नकोस, त्या "छानच करा" म्हणतील. त्या कुठे जाऊन बसतात ते बघ आणि तेवढ्या जागेला हात लावू नकोस. फोटो चांगले येणार नाहीत, सांगून ठेवते.

आणि आता तू ये. लग्न झाल्यापासून नुसतं "येते, येते" चाललंय तुझं. जावईबापूंना सुट्टी नसेल तर एकटी ये. माझ्याकडे किचन एकच आहे आणि त्यात दोघी उभ्या राहिलो की तिसरीला दारात थांबावं लागतं. उन्हाळा लागायच्या आत ये. फार दिवस लावू नकोस गं.