गवत कापायच्या मशीनची थरथर

आमच्या घरात मशीन म्हटलं की शिलाई मशीन. मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात माझ्या सासऱ्यांपासून कपडे शिवले जातात, आणि माझे यजमान तिथले कटर. कापडावर खडूची रेघ ओढायची आणि कात्री चालवायची, हे त्यांचं काम. शिवायला बाकीचे होते. असा माणूस गावाबाहेर घर बांधल्यावर हिरवळ लावून बसला. चादरीएवढी हिरवळ, आणि तिच्यासाठी कुणाच्या तरी बंगल्यातून आणलेलं पेट्रोलवर चालणारं जुनं मशीन! मी म्हटलं, "अहो, शेळी आणली असती तर दूध तरी मिळालं असतं." ते हसले नाहीत. दर रविवारी ते त्या हिरवळीवर असे सरळ पट्टे काढत, की मला तिच्यावरून चालायची भीती वाटे.

मशीन बिघडत चालल्याचं मला त्यांच्याआधी कळलं. पूर्वी दोरी ओढली की झटक्यात सुरू व्हायचं, ते आता खांदा निखळायची वेळ आली तरी दाद देईना. धूर काळा येऊ लागला. सोमवारी सकाळी गवताची टोकं पिवळी दिसायची. वाकून पाहिलं तर ती कापलेली नव्हती, ओरबाडलेली होती. बोथट कात्रीनं कापडाची कड अशीच सुटते, शिंप्याच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. मग थरथर सुरू झाली. हॅण्डल इतकं हादरायचं, की एकदा त्याचा नटच गवतात गळून पडला.

"मेकॅनिकला बोलवा," मी म्हणे.

"सुम्ने, गप्प बस गं. पात्याला धार मी लावतो की. कात्र्यांना धार लावण्यात जन्म गेला माझा."

दुकानातल्या दगडावर ते पातं घासून आणत, आणि पुढच्या रविवारी मशीन आणखीच हादरे. नवरात्रातल्या आयुधपूजेला मात्र कात्र्यांच्या रांगेत मशीनलाही हळदकुंकू आणि शेवंतीची माळ. पूजा साग्रसंगीत, दुरुस्तीच्या नावानं शंख. मला रागच यायचा.

मशीन बंद केल्यावरही त्यांचा उजवा हात हलत राहतो, हे त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं. "मशीनचं आहे ते, उतरेल," ते म्हणाले. सुरुवातीला सोमवारी उतरायचं. मग बुधवार उजाडला तरी बोटं आपली हलतच. एकादशीला आमच्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला त्यांनी टाळ घेणं सोडलं. खांदा दुखतो म्हणाले. आणि एक दिवस सरगूरच्या एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटाचं कापड त्यांच्याकडून वाकडं कापलं गेलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन ते जेवले नाहीत. "त्या मशीननं हाताची वाट लावली," एवढंच बोलले. नाचता येईना अंगण वाकडं, हे एरवी मी त्यांना ऐकवल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी गिळलं. कटरचा हात गेला तर मागे काय उरतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला फार भीती वाटली.

मग स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला मीच घरी बोलावलं. त्यानं पातं काढलं आणि मधल्या भोकातून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. एक बाजू धपकन खाली गेली. घासताना दुसरी बाजू जास्त झिजली होती, तोल गेला होता, आणि त्यामुळेच मशीन हादरत होतं, असं त्यानं कन्नडमध्ये समजावून सांगितलं. यजमानांचा चेहरा असा उजळला!

"बघ, मी सांगत नव्हतो? मशीनच!"

स्वतःची चूक निघाल्यावर इतका खूष झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि मीही खूष झाले, अगदी मनापासून. मनातल्या मनात मी विठ्ठलाला पेढे बोलून टाकले.

मेकॅनिकनं पात्याचा तोल सारखा केला, प्लग बदलला, फिल्टर साफ केला, नट आवळले. पहिल्याच दोरीला मशीन सुरू झालं. यजमानांनी सगळी हिरवळ कापून काढली. हॅण्डल इतकं शांत होतं, की मी मुद्दाम जाऊन हात लावून पाहिला. "ईग सरी आयतू," आता ठीक झालं, असं म्हणत मेकॅनिकनं मशीन बंद केलं.

मी तिघांसाठी कॉफी आणली. यजमानांनी पेला उचलला आणि कॉफी त्यांच्या मनगटावर हिंदकळली. त्यांनी पेला खाली ठेवला, थोडं थांबले, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. मेकॅनिकनं नजर वळवली आणि आपले पाने गोळा करायला लागला. तो फार चांगला माणूस होता.

तो फाटकाबाहेर पडला तरी आम्ही पायरीवरच बसून होतो. यजमानांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर दाबून धरला होता.

"अगं, त्याला परत बोलाव," ते हळूच म्हणाले. "मशीन पहिल्यासारखं हादरतं करून दे म्हणावं."

मी काही उठले नाही. त्यांचा हात मी माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि तिथेही तो थांबेना.